लिंडसेच्या ड्रिलची मूठ

या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या बोल्स खेळाच्या क्लबच्या सर्वेसर्वा श्रीमती मॉरीन टिलब्रुक, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती लिंडसे क्रान्झ, त्यांच्या पत्नी रोझली, आणि पोर्ट लिंकन बंदराच्या लाकडी धक्क्यांवर हाडं झिजवलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मॉरीनबाईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यानंतर तिकिटांची सोडत आहे, बक्षीस मटणाची टोपली, आणि अर्ध्या सभागृहाचं लक्ष तिकडेच आहे हे मला इथून दिसतंय. तेव्हा लांबण लावत नाही.

धक्के दुरुस्त करणाऱ्या आमच्या कंपनीत मी, ग्रॅहम नॉबलेट, मालक आणि लिंडसे मुकादम. एकतीस वर्षं झाली. त्याचं निवृत्तीचं वय व्हायला अजून सात वर्षं आहेत. उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली म्हणून तो आज जातोय. ती कशी झाली हे गावात सगळ्यांना माहीत आहे. निदान सगळ्यांना तसं वाटतं.

पण आधी चांगलं बोलावं, अशी रीत आहे. तर मंडळी, लिंडसेबरोबर ड्रिल घ्यायला कुणी गेलंय का? दुकानदार डेनिस मागे बसून हसतोय, त्याला विचारा. हा गृहस्थ काखेत जुन्या धक्क्याचा ओंडका मारून दुकानात शिरायचा. आत गंजलेला बोल्ट असलेला, मुद्दाम निवडलेला. डेनिस बिचारा खोक्यावरचे आकडे दाखवायचा, जोर किती, फेरे किती.

"आकडे खोक्यालाच राहू देत, गड्या," लिंडसे म्हणायचा. "यंत्र दे."

मग सगळ्यात जड बॅटरी चढवून ड्रिल डोक्यावर धरून पाच मिनिटं उभा. गिऱ्हाइकं वळसा घालून जायची. "आत्ताच हात भरून आला, तर दुपारी चार वाजता काय होईल?" हे त्याचं ठरलेलं. आणि शेवटी जाड बिट, म्हणजे भोक पाडायचं पातं, नेमकं बोल्टावर घालायचा. "फिरतात सगळेच, डेनिस. अडकल्यावर काय करतात ते बघायचंय मला."

रोझली मला एकदा म्हणाली होती, "माझ्याशी लग्न करताना याने एवढी पारख केली नव्हती हो."

आता, अडकल्यावर काही ड्रिल आपणहून थांबतात. काही थांबत नाहीत. बिट लाकडात रुतून बसतं आणि यंत्र माणसाचं मनगट घेऊन फिरतं. तेव्हा बाजूला लावायची लांब मूठ दुसऱ्या हातात असली, तरच माणूस वाचतो. दर सोमवारी सकाळी लिंडसेने हे सगळ्या गड्यांना सांगितलं, त्यांना पाठ होईपर्यंत.

मागच्या खेपेला बारा ड्रिल घ्यायचे होते. त्याने निवडले ते आपणहून थांबणारे, आकडा लहान. मी घेतले ते मोठ्या आकड्याचे, न थांबणारे. मालक मी होतो ना. तो भांडला नाही. "बरं," म्हणाला, "मग मुठीशिवाय एकही बाहेर काढायचा नाही."

धक्क्याखाली दोन तुळयांच्या मधे ती मूठ अडते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अकरा जणांनी पहिल्याच आठवड्यात मुठी काढून गाडीत फेकल्या. नाकारू नका, मी बघत होतो. बाराव्याने, म्हणजे लिंडसेने, नाही काढली. तो ती प्रत्येक वेळी सोडवायचा, फिरवून लावायचा. वेळ जायचा.

त्या दिवशी धक्क्याखालच्या फळीवर आम्ही दोघंच होतो. भरती चढत होती आणि एक भोक राहिलं होतं. तो माप घ्यायला पलीकडे गेला, तेवढ्यात मी त्याच्या ड्रिलची मूठ काढून खिशात टाकली.

तो परत आला. "माझी मूठ कुठंय?"

"एकच भोक आहे, लिंडसे. उरक."

"मूठ दे, ग्रॅहम."

"पाणी चढतंय. उरक म्हणतो ना."

त्याने उरकलं. आत बोल्ट होता. मनगट मोडलं, तो फळीवरून खाली पडला, डोकं तुळईवर आपटलं. ती सकाळ त्याच्या आठवणीतून साफ गेली. मी अपघाताच्या अहवालात लिहिलं, "कामगाराने बाजूची मूठ लावली नव्हती." वाक्य खरं होतं. म्हणून तर ते लिहिता आलं.

त्यानंतर चौदा महिने हा माणूस दर सोमवारी तो हात वर करून सांगत आला, "बघा रे, इतक्या वर्षांत एकदाच विसरलो. तुम्ही विसरू नका." मी दाराशी उभा राहून चहा पीत ते ऐकत आलो. मला काही वाटायचं नाही. आत्ताही वाटत नाही. ही सबब नाही, आहे तसं सांगतोय.

लिंडसे, कंपनीतर्फे तुला घड्याळ आहे, ते मॉरीनबाई देतील. माझ्याकडून हे. हो, तीच मूठ. तुझ्या नावाची पिवळी अक्षरं अजून शाबूत आहेत. तू विसरला नव्हतास, लिंडसे. तू दोनदा मागितली होतीस. अहवाल मी सोमवारी बदलून देतोय, पण ज्या लोकांसमोर तू हात वर करायचास, त्यांच्यासमोर हे आधी सांगायचं होतं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका.