विडीचा गुण

पनवेलच्या कॅन्सर दवाखान्यात आईला तपासणीला आत सोडून समृद्धी बाकावर बसली होती. शेजारी, डॉक्टरांना भेटून आलेली म्हातारी नवऱ्याला समजावत होती.

"तुमच्या फुप्फुसातल्या गाठीची जीन टेस्ट आली. लय बिघाड हाय."

"मंजे मी गेलो, गुणे!"

"नाय हो. बिघाड जास्ती असला का अंगाला गाठ परकी वाटती, मंग नव्या इंजेक्शनाचा गुण यायची आशा जास्ती, असं डाक्टर बोलला."

"एवढा बिघाड कशानं?"

"तुमच्या विडीनं."

"बग! आनी तू जल्मभर विडीला शिव्या घालत व्हतीस."

"विडी नसती तर गाठ तरी आली असती का?"

समृद्धीनं हसू ओढणीत दाबलं.

"इंजेक्शन सोमवारी ना? तवर एक वढू?"

"आनंदा!"

म्हाताऱ्यानं खिशाकडं नेलेला हात मागं घेतला.

"लग्नानंतर पयल्यांदाच माजं नाव घेतलंस."

"बरे व्हा. मंग रोज घेईन."