वेचायची राहिलेली मोहफुलं

माहा जन्म सिंदेवाहीकडचा, बाप नाटकाचे पडदे रंगवे, राजवाडा, नदी, सगळं कापडावर, अन् हिवाळा लागला का वडशाच्या नाटक कंपन्या त्याले बोलवत, अन् मी लहानपणापासून त्याच्या मागं रंगाचे डबे घेऊन. बाबाची नजर गेली तवा ब्रश माह्या हाती आला, अन् काय सांगू तुमाले बाई, कंपनीचा मालक म्हणे बाईच्या हातच्या भुताले कोण भेणार.

नाटक होतं जादूच्या राज्याचं, त्यात एक झपाटलेलं जंगल, जो आत गेला थो वापस नाई आला. मी कवट्या काढल्या, झाडाले दात काढले, लाल डोळे काढले, अन् पयल्याच प्रयोगाले लोक हासले ना बापा, खो खो हासले. मालक म्हणे बस झालं, आता नागपूरवरून फ्लेक्स छापून आणतो. म्हणजे माहं काम गेलं, बाबाचंही नाव गेलं, लय रडली मी. अन् रागही आला, फ्लेक्सवाल्यानं जंगल पाह्यलं तरी हाय का. म्हटलं भाऊ, आठ दिवस द्या मले.

आता आमच्याकडं कसं, चैत्रात मोह गळते, त उजाडाच्या आधी टोपलं घेऊन झाडाखाली जा लागते, पालापाचोळा झाडून जागा साफ ठेवा लागते, उशीर झाला का दुसरीनं वेचलंच समजा, याच्यावरून माह्या मायनं अन् मावशीनं दोन वर्ष अबोला धरला होता. थेच मनात आलं. मी कवट्या पुसल्या, एक मोठं मोहाचं झाड काढलं, खाली फुलंच फुलं, घोट्याइतकी, ऊन डोक्यावर आलेलं, एक रिकामं टोपलं, अन् माणूस नाई. बस.

पडदा दुपारी टांगला. मालक म्हणे याच्यात भूत कुठी हाय? तेवढ्यात कंपनीची सयपाकीण पळी घेऊन आली, पाह्यलं, अन् उभीच राह्यली. म्हणे माय वो, एवढं मोह पडून हाय, कोणी वेचलं काऊन नाई? गावातली माणसं गेली कुठी? अन् पदर तोंडाले लावला तिनं. मालक तिच्याकडं पाहे, पडद्याकडं पाहे. मंग फ्लेक्सचं नाव नाई काढलं त्यानं.

शेवटच्या अंकात जंगलावरचा शाप सुटते, त्याच्यासाठी मी दुसरा पडदा केला, थेच झाड, खाली जमीन झाडून साफ, अन् दोन बाया टोपल्यावरून भांडून राह्यल्या. माय अन् मावशीच हायेत त्या. बाबाले दिसत नाई, त मी सांगतो, थो हासते. यंदा तीन कंपन्याइनं बोलावलं मले. लिहून घ्या बाई, मोहाखाली भांडाले माणसं राहोत, एवढंच मागणं हाय.