दांडगोबाचा वाढदिवस

भिंगरी : तर प्रश्न असा की, मी झाले तेव्हा तुम्हाला मुलगा हवा होता का? मैत्रिणींनी पैज लावलीय, मी हे विचारूच शकणार नाही म्हणून.

बाबा : आत्ता? तोंडात घास आहे माझ्या.

भिंगरी : गिळ आणि सांग.

आई : हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?

भिंगरी : तुझ्या टॅबने. काल शाळेच्या प्रकल्पासाठी उघडला आम्ही. बघतो तर मुलांचे फुटबॉलचे बूट, मुलांचे शर्ट, ड्रमचा संच. आणि वर तुझ्या दुकानाचा निरोप, ‘आपल्या चिरंजीवांना वाढदिवसाच्या शुभेच्छा.’ सगळ्या माझ्याकडे बघतायत आणि मी भिंतीकडे.

बाबा : अरेच्चा. दांडगोबाचा वाढदिवस होऊन गेला की. आपण साफ विसरलो.

भिंगरी : त्याला नावही आहे?

आई : अहो, पोरीचा चेहरा बघा आणि मग विनोद करा. अगं, असा कुणी नाहीये. आम्ही रचलाय त्याला.

भिंगरी : रचलाय म्हणजे? लोक घर बांधतात, गाडी घेतात. तुम्ही मुलगा रचलात?

आई : ऐक तर. मी दिवसभर काउंटरवर काय करते? ‘मोबाइल नंबर सांगा.’ नंबर सांगितला की कोण काय नेतं ते सगळं कंपनीच्या संगणकात जमा. लोकांचं जमा करताना मला कधी काही वाटलं नाही. मग गेल्या वर्षी तुझी पाळी सुरू झाली. पहिलं पाकीट मी आमच्याच दुकानातून घेतलं, यांचा नंबर देऊन, आणि आठवडा व्हायच्या आत यांच्या फोनवर जाहिरात, ‘तुमची लेक मोठी होतेय.’ मी यांना सांगितलंसुद्धा नव्हतं अजून.

बाबा : रात्रपाळीत होतो. शेजारच्या मशीनवाल्याने मोठ्याने वाचून दाखवली.

भिंगरी : शी. बाबा.

बाबा : मी म्हटलं, चुकून आली असेल, मला तर मुलगाच आहे. झाला दांडगोबाचा जन्म.

आई : घरी आल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं, बसा म्हणावं आता शोधत. आपल्या घरात जे नाही ते टॅबवर रोज थोडं बघायचं. दुकानाच्या नोंदीत मुलाची एक खोटी जन्मतारीखही टाकली. तुझं सामान मी कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या बाईंकडून आणते, नंबर न देता.

भिंगरी : म्हणजे त्यांच्या लेखी या घरात मी नाहीच.

आई : नाहीस. तेच तर हवं होतं.

भिंगरी : आणि जेवणं झाल्यावर तुम्ही दोघं त्या टॅबवर डोकी लावून खिदळत असता, ते हेच? मी आले की ‘जा, आई दमलीय.’ त्याच्यासाठी दमत नाही वाटतं आई.

बाबा : जी मुलगी लपवायची तिच्यासमोरच कसं लपवणार?

भिंगरी : गोड बोलू नकोस. ड्रमचं सांग. ड्रम मी मागितले होते, सातवीत. तेव्हा काय उत्तर मिळालं? ‘बाबा दिवसा झोपतात.’ त्याचे ड्रम वाजले की बाबांची झोप मोडत नाही का?

आई : अगं, त्याचे कुठे वाजतायत?

भिंगरी : वाजू देत नाहीतर न वाजू देत. त्याच्यासाठी तुम्ही चार दुकानं पालथी घातलीत. मला एका वाक्यात उडवलंत. लाल हवेत की काळे, एवढंही कुणी विचारलं नाही.

बाबा : लाल.

भिंगरी : काय?

बाबा : तुला लाल हवे होते. त्याच्यासाठी मी काही शोधलं नाही गं, सगळं आधीच पाठ होतं. तुला नाही म्हणायच्या आधी आठवडाभर बघत होतो, कुठे काही जमतंय का. नाही जमलं. मग त्याला काय आवडावं असा प्रश्न आला, तेव्हा हेच सुचलं.

(भिंगरी ताटातलं बोटाने एका कडेला सारत बसते.)

आई : बूटही तुझ्याच मापाचे आहेत. नीट बघितलं असतंस तर कळलं असतं.

भिंगरी : म्हणजे जे जे मला नाही म्हणालात, ते सगळं त्याला.

आई : आता नसलेल्या भावाचाही मत्सर करणार का तू?

भिंगरी : असता तर बरं होतं. एकदा बडवला असता आणि विषय मिटला असता.

बाबा : तुझ्या पैजेचं उत्तर देऊ? मुलगा हवा असता तर तो कसा असेल याचं चित्र असतं ना डोक्यात. आमच्या नव्हतं. मूल म्हटलं की तूच येतेस डोळ्यांसमोर. शर्ट बदलला, बाकी तूच.

भिंगरी : हे मी मैत्रिणींना सांगणार नाही. फार रडक्या आहेत त्या.

आई : त्या का?

भिंगरी : त्याच. बरं, ऐका, मी ठरवलंय. शाळेच्या बँडमध्ये ड्रमला जागा आहे. सराव शाळा सुटल्यावर, तिथेच, म्हणजे बाबांच्या झोपेचा प्रश्न नाही. इतके दिवस नाव देत नव्हते, घरी आवडणार नाही म्हणून. उद्या देणार आहे, स्वतःचं, पूर्ण.

आई : आणि दांडगोबा?

भिंगरी : राहू दे त्याला. पण घरात जे नाही तेच बघायचं ठरलंय ना? ड्रम आता घरात आहेत, माझे. तुम्ही त्याच्यासाठी दुसरं काहीतरी बघा.