उशाशी ठेवायचं पुस्तक

हॅलो?… कोण, मास्तरीण? बोल… हो, लाँड्रीतच आहे, कुठे जाणार… नवीन पुस्तक? नको… प्रवासवर्णन असो नाहीतर आणखी काही असो, नको म्हणजे नको… जहाज बुडतं आणि सगळे सुखरूप घरी पोचतात? वाटलंच मला… हो, चिडले आहे. चांगलीच चिडले आहे.

काय झालं म्हणून मलाच विचारतेस? जाऊ बोलत नाही माझ्याशी, आज तिसरा दिवस… धाकटी नाही गं, मोठी. जिची मुलगी हॉस्पिटलात आहे… हो, तीन आठवडे झाले. काल डबा घेऊन गेले, तर नर्सच्या हाती मी दिलेलं तुझं ते पुस्तक बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं… कुठलं काय, निळ्या कव्हराचं. डोंगरातल्या शाळेचं.

आता तूच सांग, त्यातल्या त्या खोकणाऱ्या पोरीचं शेवटी काय होतं?… बरी होते. घरी येते. पायरीवर बसून आईकडून वेणी घालून घेते. वा, छान… अगं, मरते ती. ऐकतेस ना? मरते. शेवटून तिसऱ्या पानावर. आणि जावेनं ते लेकीच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचलं. बारा वर्षांची पोर. नर्स सांगत होती, तिनं विचारलं, आई, माझंही असंच होणार का… आता बोल ना.

थांब हं… काका, कोट परवा मिळेल. डाग निघतोय, पण परवा… हां, बोल.

नाही, तू आधी ऐक. आपला नियम कोणी काढला होता? तूच ना? पुस्तक पूर्ण वाचायचं, मग शेवटच्या पानात चिठ्ठी ठेवायची, कोणाला द्यावं, कधी वाचावं. अकरा वर्षं पाळतेय मी. तुझी ती जाडजूड चरित्रं, डोळे मिटत होते तरी संपवली. आणि तू काय लिहिलंस? ही बघ, समोरच आहे चिठ्ठी. 'आजाऱ्याच्या उशाशी ठेवावं असं पुस्तक.' अक्षर तरी काय, ओळीवर ओळ चढलीये. घाईघाईत खरडलंयस. वाचलेलंच नाहीस तू… शपथा घेऊ नकोस गं.

आणि ही काही पहिली वेळ नाही. त्या खुनाच्या गोष्टीत खुनी डॉक्टर. तू म्हणालीस, खून नव्हताच, म्हातारा झोपेत गेला. अर्धा तास भांडलो आपण. भुताच्या कादंबरीत तुला भूतच सापडलं नाही, वाऱ्यानं दार वाजत होतं म्हणे… हसतेस काय? चोर तो चोर, वर शिरजोर…

काय?… ऐकलं म्हणजे? पुस्तक वाचतात, ऐकतात कशाला?… भावोजी बायकोला वाचून दाखवतात? का?

…कधीपासून?… गेल्या उन्हाळ्यापासून. नीट सांग मला. कडेचं दिसतं, आणि बघावं तिथेच करडा ठिपका… डॉक्टर काय म्हणतात?… परत नाही येणार?

अगं, मग मला सांगितलं का नाहीस? वर्षभर मी तुला बारीक टाइपाची पुस्तकं पाठवतेय आणि तू आपली छान, छान… कीव? मी कीव केली असती? शिव्या घातल्या असत्या मी तुला, आणि हाताला धरून चार डॉक्टरांकडे फिरवलं असतं. एवढी परकी झाले होय मी?… ओरडत नाहीये… बरं, ओरडतेय. ओरडणारच.

थांब. थांब जरा. म्हणजे पोरगी बरी झाली, वेणी घातली, हे सगळं भावोजींनी वाचलं?… स्टिअरिंग धरल्यासारखं दोन्ही हातांनी पुस्तक धरतात, ते माहीत आहे. पण अक्षरन् अक्षर वाचतात असं कोणी सांगितलं तुला?… त्यांनीच. मास्तरीण, ते वाचलेलं नाही गं. रचलेलं आहे… हो, तो डॉक्टरही त्यांनीच सोडवला… भूत? त्यांनीच घालवलं… जहाजाचं मला माहीत नाही, पण बुडाली असतील माणसं. वर्षभरात तुझ्या घरात एक माणूस मेलेलं नाही बघ.

दे त्यांना फोन… औषधं आणायला गेलेत? येऊ देत. नाही धारेवर धरलं तर बघ. म्हणावं, तुमच्या लाडापायी एका आईला लेकीसमोर… काय?… पुन्हा बोल.

…नाही.

देण्याआधी नव्हतं वाचलं मी, काल परत आल्यावर वाचलं… घाई होती. तुझी चिठ्ठी बघितली आणि दिलं नेऊन… हो, नियम मलाही होता… कळलं गं, किती वेळा म्हणशील? माझीच चूक. वाचलं असतं तर हे झालंच नसतं. आज पाचला जाते. दार नाही उघडलं तर बाहेरच्या बाकावर बसेन, पण सांगेन तिला. तुझ्यावर नाही ढकलणार… डोळ्यांचं कशाला सांगू?

पोरीचा ताप उतरलाय कालपासून. पण जेवत नाही, त्या पुस्तकाचंच घेऊन बसलीये… हो, माझ्याही तेच मनात आलं. सरळच सांगते तिला, एका आजोबांना तो शेवट पटला नाही, त्यांनी आपला वेगळा केला.

आणि तुला?… खरा हवा? सगळे खरे?… बरं. उद्यापासून दुपारी चारला मी फोन करीन, शेवटचं प्रकरण जसं छापलंय तसं वाचीन. मरतील ते मरतील. रडलीस तर थांबणार नाही… त्यांना कळू द्यायचं नाही? नको तर नको. त्यांचं तेही ऐकत जा.

दाराचा आवाज आला… आले का? नाही, नको देऊस फोन. मी तोंड उघडलं तर आवरायची नाही… फक्त एक विचार त्यांना. सहज विचारल्यासारखं. त्या पोरीच्या वेणीला रिबीन कुठल्या रंगाची होती?… अगं, पुतणी विचारेल ना मला.

…पिवळी. बरं. ठेवते.