पुसलेला बैल

मी मूळचा निरगुडसरचा. वडील शेतकरी, आजा शेतकरी, त्याच्या आधीचे बी मातीतच लोळले, पण देवानं सात पिढ्यांचा आवाज साठवून ठेवला आन् सगळा माझ्या एकट्याच्या नरड्यात वतला. जल्मलो तवा असा रडलो की सुईण बहिरी झाली, आई सांगायची. आता काय सांगू तुम्हाला, खोटं वाटंल, पण लेण्याद्रीचा गणपती पाठमोरा बसलाय ना, पुराणात कारण काय लिवलंय ते लिवू द्या, मी घाटात पयली हाळी दिली त्या दिवसापास्नं त्यानं तोंड फिरवलंय.

घाट म्हंजे गाड्या चढत्यात तो न्हवं, पावणं. बैलगाडा शर्यतीचा घाट, चढाचं लांबलचक मैदान. गाड्यावर माणूस नसतो. खाली बैल जुंपायचे, मी माईकवरनं भिर्रर्र म्हणायचं, की बैल जीव खाऊन वर सुटायचे. आन् एक ध्यानात ठेवा, पुढं लागंल. पळायची हाळी हाय, थांबायची हाळीच न्हाई. थांबवायला वर माथ्यावर माणसं उभी अस्त्यात, ती बैलांच्या मानंवर पडत्यात आन् धरत्यात. आमच्याकडं हेच चालत आलंय, बैलाला थांब म्हणून सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई.

माझे दोन बैल. चिमण्या आन् तांबड्या. तांबड्या नुसता बैल, पण चिमण्या म्हंजे राव, वारा त्याच्या मागनं यायचा आन् दमून बसायचा. हौसा, आमची मंडळी, तिला पोरबाळ झालं न्हाई, ती चिमण्याला अंडी-दूध पाजायची आन् मला कोरा चहा द्यायची. मी म्हनलं, अगं मी बी घरातलाच हाय. ती म्हनली, तुमी कधी पयला नंबर आनला?

तर असं सगळं बरं चाललेलं आसताना गावात पिच्चरवाले आले.

पुण्याचं एक डायरेक्टर पोरगं, कानात बाळी, बूड दिसंल आशी प्यांट. त्याला निमगाव सावाच्या बाजूचा एक मोकळा घाट पसंत पडला. पिच्चर कसला, तर मिलिटरीनं एक मशीन बनवलंय, त्याला माणसावानी डोकं दिलंय, ते आपलं आपण ठरवतंय कुणाला मारायचं. जनरल म्हनतो जा, ते जातंय. जनरल म्हनतो थांब, ते म्हनतंय तू कोण? आन् मग ते त्यालाच चिरडतंय. मी म्हनलं, गोष्ट चांगली हाय, मशीन कुठंय? तर मशीनला पैसा न्हवता. मग आमच्याच गावच्या वेल्डरनं केलं. धान्याची पत्र्याची कोठी, ते धड. ठिबकच्या नळ्या, ते हात. ट्रॅक्टरचे मागचे लाल दिवे, ते डोळे. चालतंय कसं? चालत न्हाई. म्हणून ते उचलून गाड्यावर ठेवलं, पक्कं बांधलं, आन् गाडा वढायला माझे बैल. मी म्हनलं, आरं, मिलिटरीच्या मशीनला बैल? पोरगं म्हनलं, काका, बैल मी कॉम्प्युटरमधून पुसून टाकतो.

मला त्यानं कोठीत बसवलं, कारण आवाज. वरनं झाकण लावून बाहेरनं तारेनं आवळलं. आत माईक, भायेर भोंगा, मधी एक डबी. मी काय बी बोललो की डबीतनं ते मशीनच्या आवाजात भायेर यायचं. मी आत शिंकलो तर भायेर वाटायचं बुलडोझर सर्दावलाय.

जनरल कोण, तर आमचे दूधडेअरीवाले नाना. पिच्चरला चार पैसे लावले म्हणून छातीवर बिल्ले, बिल्ले म्हंजे थम्सपच्या बाटल्यांची बुचं. चढाच्या मधोमध उभे ऱ्हायले.

मी आतनं, लाल दिव्यांच्या भोकातनं बघितलं, माथ्यावर माझे भाचे बैल धरायला उभे व्हते. पोरगं वरडलं, वरची माणसं हटवा, जगात माणूसच उरला न्हाई असा सीन हाय. मी म्हनलं, आरं बाबा, त्यांच्याबिगर बैल थांबत न्हाईत, आन् माथ्याच्या पल्याड शेततळं हाय. तो म्हनला, काका, बैल हळूहळू चालणार आहेत, थांबवायचं कशाला? भाचे हटले. शिकलेल्या माणसानं सांगितलं की आमचं गाव हटतंय.

मी डायलॉग बोललो. मी कुणाचा हुकूम मानत न्हाई. पोरगं म्हनलं, अजून जोर. परत बोललो. म्हनलं, राग दिसत न्हाई. परत बोललो. तेवढ्यात नाना मिशीला पीळ देऊन म्हनले, जाऊ द्या हो, म्हाताऱ्याचा घसा बसलाय, आता त्याला घाटात बी कोण बोलवतंय! सगळा गाव हसला. मला, राव. नानानं डिवचलं आन् नरडं आपोआप सुटलं.

भिर्रर्र!

डबीतनं गेलं, भोंग्यातनं निघालं, मशीनच्या आवाजात. माझे बैल मला वळखत्यात, पण त्यांनी त्या आवाजाचं बी ऐकलं, हे माझ्या काळजात अजून रुततंय. सुटले. नानांनी थांब थांब केलं, मग बिल्ल्यांसकट शेणाच्या ढिगात उडी घेतली. लोकं हसून आडवी. माथा आला. माथ्यावर कुणी न्हवतं. भाचे धावत येईस्तवर बैल पल्याड उतरले, आन् गाडा, कोठी, मी, सगळं शेततळ्यात.

शेततळ्याला आतनं प्लास्टिकचा कागद अस्तो, खूर ठरत न्हाई. कोठी तरंगली, तिला काय हुतंय, पत्र्याची. मी झाकणाला आतनं धडका दिल्या, तार काय सुटंना. त्याच भोकातनं बघतोय, तांबड्याच्या गळ्याचं जोतं तुटलं, तो कडंला कागद फाडत फाडत वर गेला. चिमण्या गाड्यात अडकला. पुढचे पाय कागदावर टाकायचा, घसरायचा, टाकायचा, घसरायचा. त्याच्या नाकपुड्या माझ्या तोंडापास्नं हातभर. मी बोंबलतोय, दोर टाका रं, बैल बुडतोय, वाचवा! आन् भायेर काय जातंय? मशीनचा आवाज. काठावर गाव उभा, त्यांना वाटलं डायलॉगच हाय, बैलाची धडपड बी पिच्चरमधलीच. टाळ्या वाजवत व्हते, शिट्ट्या मारत व्हते. पोरगं म्हनत व्हतं, चालू ठेवा, चालू ठेवा, काय भारी शॉट आहे!

भाच्यांनी उड्या मारल्या तवर चिमण्या शांत झालावता.

हौसानं त्याच्या शिंगाला हळद लावली, मग चार दिस चूल पेटवली न्हाई. पोरगं भेटायला आलं, हात जोडले, म्हनलं, काका, माझा बी जीव जळतोय. आन् जाता जाता विचारलं, तो आवाज अजून एकदा जवळनं रेकॉर्ड करू का?

पिच्चर झाला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दाखवला, मला पयल्या रांगेत खुर्ची. मशीन पळतंय, जनरल शेणात, मशीन पाण्यात. बैल न्हाईत. पोरगं शब्दाचं पक्कं, पुसले. पाण्यात नुसती कोठी तरंगती हाय, आन् तिच्या म्होरं पाणी हालतंय. फेस येतोय, उसळतंय, कडंच्या कागदावर थापा बसत्यात, आन् तिथं कुणीच न्हाई. पोरं शिट्ट्या मारत व्हती. हौसा उठून घरी गेली. मी पाणी थांबस्तवर बसलो.

आता मी हाळी देत न्हाई. घाटवाले बोलवत्यात, लगनात बी म्हनत्यात, आबा, मशीनचा आवाज काढा की. मी म्हनतो, घसा बसलाय. पण त्या पिच्चरमधली माझी हाळी पोरांनी मोबाईलला लावलीय. दिवसातनं कुणाचा ना कुणाचा फोन वाजतोच, रस्त्यानं, शेजारच्या वसरीत, दुकानापुढं. आन् गोठ्यात बांधलेला तांबड्या उठतो, दावं ताणून पळतो, मान हिसकून पडतो. परत फोन, परत उठतो. मानंला जखम झालीय, ती वाळत न्हाई. मी थांब म्हनतो, त्याला थांब कळत न्हाई, आमी कधी शिकवलंच न्हाई. मग मी जातो आन् त्याच्या मानंवर पडतो, माथ्यावरच्या माणसांवानी, फोन बंद हुईस्तवर.

त्या पोराला वाईट बोलू नका. माझा आशीर्वाद हाय त्याला. लई मोठ्ठा पिच्चर मिळू दे, खरं मशीन मिळू दे, त्याला खरं डोकं असू दे, आन् पोरगं स्वतः आत बसलेलं असू दे. माथ्यावर त्याला धरायला कुणी तरी उभं असावं. नसलं तरी चालंल.