भिंगरी मोठी होते

वकीलबाई : ...आणि सही करण्याआधी हे वाचलं होतंत?

चित्रकार : तेव्हा मी फक्त तिच्या रक्ताचे रिपोर्ट वाचत होते, बाई. प्रकाशक कागद घेऊन दवाखान्यातच आले होते. म्हणाले, सही झाली की लगेच छपाईला टाकतो. पुस्तक लेकीच्या हातात पडावं, एवढंच डोक्यात होतं.

वकीलबाई : पडलं?

चित्रकार : नाही.

वकीलबाई : पाणी घ्या थोडं.

चित्रकार : नको. तुम्ही सांगा.

वकीलबाई : सांगते. तुम्ही कलाकार मंडळी एक रंग निवडायला आठवडा घालवता आणि सही मात्र उभ्या उभ्या ठोकता. अहो, चित्र काढलंत त्याच क्षणी ते तुमचं झालं होतं, कुठे नोंदवायचीही गरज नव्हती. फक्त छापायची परवानगी द्यायची, बाकी सगळं आपल्याकडे ठेवायचं. घर भाड्याने द्यावं तसं. तुम्ही तर खरेदीखतच करून दिलंत. ‘सर्व हक्क, कायमचे.’

चित्रकार : घर नाही हो ते. भिंगरी म्हणजे माझी लेकच. पडलेला दात, एका पायातला घसरलेला मोजा, सगळं तिचं. घरात हाकसुद्धा भिंगरी म्हणूनच मारायचो.

वकीलबाई : लेक तुमची. पुस्तकातली भिंगरी प्रकाशकाची. कायद्याला त्या दोघी वेगळ्या दिसतात.

चित्रकार : आणि आता ते तिला मोठी करताहेत. हे बघा, नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. दुसऱ्याच कुणाकडून काढून घेतलंय. बारा वर्षांची केलीय. दात आलाय, मोजे नीट वर ओढलेत. माझी सहाव्या वर्षी गेली, बाई. ती बारा वर्षांची कशी दिसली असती, हे मला आईला माहीत नाही. ह्यांना कुणी सांगितलं?

वकीलबाई : हक्क विकले तरी चित्राची विटंबना झाली तर भांडता येतं. पण मोठी केली, ही विटंबना नव्हे, असंच कोर्टात म्हणतील.

चित्रकार : मग मीच काढते तिला. सहा वर्षांचीच.

वकीलबाई : घरात काढा, कोण विचारतंय. छापलंत तर नोटीस येईल.

चित्रकार : माझ्या मुलीचं चित्र काढलं म्हणून?

वकीलबाई : फोटोवरून निराळं काढलंत तर तुमचं. भिंगरीसारखं दिसलं तर त्यांचं.

चित्रकार : पण ती भिंगरीसारखीच दिसायची.

(वकीलबाई चष्मा काढून टेबलावर ठेवतात.)

वकीलबाई : एक गोष्ट मात्र त्यांना विकत घेता येत नाही. मूळ चित्रकार म्हणून तुमचं नाव. नव्या पुस्तकावरही त्यांनी ते आतल्या पानावर घातलंय. तुम्हाला नको असेल तर काढायला लावते. तेवढं माझ्याच्याने होईल.

चित्रकार : नाव काढलं तर पुस्तक थांबेल?

वकीलबाई : नाही.

चित्रकार : मग असू द्या. पोर परक्यांच्या घरी वाढणार. जवळ आईचं नाव तरी असावं.