बशीच तर फेकायचीय!

...आणि वर पुन्हा म्हणायचं काय, तर बशीच तर फेकायचीय, त्यात काय एवढं! अहो, भर वाळवंटात, वारा कानशिलात वाजत असताना फेकून दाखवा एकदा, मग बोला. आमच्या गुरुप्रसादला विचारा... नको, नका विचारू, बिचाऱ्याच्या कानातून अजून वाळू निघतेय!

तुम्हाला सांगतो, गुरुप्रसाद म्हणजे तिकडे आखातात, रास लफानच्या गॅस प्लांटमधला सेफ्टीवाला, राहायला जवळच अल खोरला. देवमाणूस! पण लेकीचं, ओवीचं, शाळेतलं एक गॅदरिंग पाहिलं असेल तर शपथ... कधी शटडाऊन, कधी नाइट शिफ्ट. आता पोरगी सप्टेंबरात कॉलेजला परदेशी चालली, आणि त्याआधी तिची शेवटची डिस्क गोल्फची मॅच पुढच्या शुक्रवारी. म्हणजे प्लास्टिकची बशी फेकत फेकत न्यायची नि साखळ्या लावलेल्या टोपलीत घालायची. जोडीनं खेळायचं, एक मूल, एक पालक. आता पालक कोण? शोभावहिनींचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, कॉलेजातलं थाळीफेकीचं मेडल अजून शोकेसमध्ये आहे. आणि दुसरा उमेदवार हा! ओवीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिनं सांगून टाकलं, आधी ट्रायल, मग बघू. हा म्हणाला, घे ट्रायल, बशीच तर फेकायचीय!

गेले तिघं वाळवंटातल्या मैदानावर. पोचल्या पोचल्या ह्यानं काय करावं? सेफ्टीचं भाषण! टोपी घाला, पाणी प्या, बुटांच्या नाड्या बघा, दगडाखाली विंचू असतो... आणि ऐकायला माणसं किती, तर बायको आणि मुलगी! ओवी आपली आभाळाकडे बघतेय.

मग फेकली. आता प्लांटमध्ये शिकवतात काय? गॅस सुटला की विंडसॉक बघायचा, ती खांबावरची वाऱ्यानं फुगलेली नारिंगी पिशवी हो, आणि वारा येतो त्या बाजूला चालू पडायचं. एवढी वर्षं दुसऱ्यांना शिकवून शिकवून ते ह्याच्या पायातच भिनलंय! टोपली डावीकडे, आणि हा उभा कुठे तोंड करून? वाऱ्याकडे! बशी वर गेली, जरा थांबली, विचार केला, आणि ह्याच्याच डोक्यावरून मागे गाडीपाशी. ओवी शांतपणे म्हणाली, "बाबा, द बास्केट इज देअर." दुसऱ्यांदा ठरवून टोपलीकडे वळला, तर हात मागे नेताना पाय आपोआप फिरले! ही बशी पडली ती थेट तिथं बसलेल्या नव्हे, उभ्या असलेल्या एका उंटापाशी, आणि उंटानं तिच्यावर पाय ठेवला. हा त्याला अरबीत यल्ला, म्हणजे चल चल, म्हणतोय, लाडानं हबीबी म्हणतोय, तो आपला रवंथ करतोय... शेवटी वहिनींनी डब्यातलं धपाटं दाखवलं, तेव्हा कुठे महाराजांनी पाय उचलला.

आणि येता येता वहिनींनी तीच बशी सहज म्हणून भिरकावली. सरळ टोपलीत! साखळ्या अशा खणखणल्या! खरंच वाईट वाटलं हो त्याला. सगळी गॅदरिंगं हुकली, आता हेही. त्यानं टोपी काढून वाळू झटकली.

"ओवी, तू आईलाच घे. मी पाण्याच्या बाटल्या धरतो."

पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "नाही बाबा, तूच हवास."

अहो, असा फुलला! वाऱ्याचंही भान राहिलं नाही.

"जोडीत दोघांनी फेकायचं, चांगली पडेल ती धरायची," ओवी सांगायला लागली. "आईची बशी सरळ जाते, त्यावरून वारा कळतच नाही. तू आधी फेक. तुझी कुठे उडते ते बघून मी माझी फेकते."

म्हणजे बघा... माणूस जन्मभर विंडसॉककडे बघत आला, आणि लेकीनं त्याचाच विंडसॉक केला! पण हा खूश. रोज संध्याकाळी ड्युटीवरून आला की गच्चीत प्रॅक्टिस. वहिनी विचारतात, अहो, भरकटायची कसली प्रॅक्टिस? हा जिन्यानं खाली उतरतो, शेजाऱ्यांच्या अंगणातून बशी उचलतो, आणि म्हणतो,

"खलास, आता बशीच तर फेकायचीय."